दहा मिलिमीटरची पुलगाव-आर्वी

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. दहावीपर्यंत मराठी हा विषय फक्त पास होण्यापुरता होता. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर त्या माझ्या, आणि सापडल्या नाहीत तर त्या दुरुस्त करणाऱ्या संपादक मॅडमच्या! इंग्लिश सेक्शनसाठी लिहिणार होते. पण आमच्या मॉडेलबद्दल हॉस्टेलमध्ये आणि स्टाफरूममध्ये इतके प्रश्न विचारले गेले, आणि ते सगळेच्या सगळे मराठीत, की उत्तरंही मराठीतच द्यावी असं वाटलं.

सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न : "एवढ्या भानगडी कशाला? खेळण्यातली आगगाडी बाजारात मिळते ना!" मिळते. आमच्या मॉडेलमध्ये आणि तिच्यात काय फरक आहे, तेच सांगायचं आहे.

माझं आजोळ आर्वीचं. लहानपणापासून पुलगाव-आर्वी रस्त्याने एस.टी.ने शेकडो वेळा गेले असेन. विरूळ, रोहणा ही गावं खिडकीतून पाठ झालेली. पण याच पट्ट्यात एक रेल्वे होती हे मला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला येईपर्यंत माहीत नव्हतं! आबाजी एकदा बोलता बोलता म्हणाले, "पुलगावची गाडी होती तेव्हा..." मी म्हटलं, कोणती गाडी? ते माझ्याकडे असे पाहत राहिले, जसं काही मी गांधीजी कोण असं विचारलं.

तर ही गाडी. पुलगाव ते आर्वी, ३५ किलोमीटर, रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. सुरू झाली १९१७ साली. मुंबईहून निघालेली मोठी लाइन १८६७ मध्येच नागपूरला पोचली होती आणि पुलगाव तिच्यावर होतं. आर्वी होती कापसाची बाजारपेठ, पण लाइनपासून लांब. कापूस मोठ्या लाइनपर्यंत आणायचा तर बैलगाड्या किंवा मग स्वस्तातली छोटी रेल्वे. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची जी 'शकुंतला' सगळ्यांना माहीत आहे, ती आणि ही एकाच घरातल्या. दोन्ही सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या, आणि त्या कंपनीचा कारभार किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीकडे. शकुंतलेवर मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावत होतं, म्हणून तिच्यावर लेख आले, फोटो आले. आमच्या आर्वीच्या गाडीच्या वाट्याला तेवढं कौतुक आलं नाही. ती बंद झाली आणि हळूहळू लोकांच्या बोलण्यातूनही गेली.

(गाडी इतकी हळू जायची की माणूस खाली उतरून, बोरं तोडून परत चढायचा, ही गोष्ट मलाही सांगण्यात आली. हीच गोष्ट भारतातल्या प्रत्येक छोट्या गाडीबद्दल सांगतात. मी आता त्यावर विश्वास ठेवणं सोडलं आहे.)

मॉडेल करायचं ठरलं ते आम्हा तिघांत. मी मेकॅनिकलची, माझी रूम पार्टनर सिव्हिलची, आणि इलेक्ट्रॉनिक्सचा एक मुलगा. निमित्त कॉलेजच्या टेक्निकल फेस्टमधल्या प्रदर्शनाचं. पहिल्याच मीटिंगमध्ये पहिलं भांडण झालं, आणि ते झालं स्केलवरून.

इथे थोडं गणित करावं लागेल. मॉडेल रेल्वेत दोन वेगळ्या गोष्टी असतात, स्केल आणि गेज. स्केल म्हणजे खऱ्या वस्तूच्या किती पट लहान. गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. आपल्याला वाटतं की स्केल ठरलं की गेज आपोआप ठरलं. कागदावर ठरतं, बाजारात नाही. इंग्लंडमध्ये सगळ्यात जास्त चालणारं स्केल म्हणजे फुटाला ४ मिलिमीटर, म्हणजे १:७६.२. तिथला खरा गेज ४ फूट साडेआठ इंच. त्याचे या हिशोबाने १८.८३ मि.मी. व्हायला हवेत. पण तयार रूळ मिळतात ते १६.५ मि.मी.चे! म्हणजे डबे बरोबर मापाचे, आणि खालची चाकं मात्र एकमेकांना चिकटल्यासारखी. लहान मुलाने वडिलांचा शर्ट घालावा तसं काहीतरी. बहुतेक लोकांना ते चालतं. ज्यांना चालत नाही ते रूळ स्वतः १८.८३ वर बनवतात, चाकांची जाडी आणि फ्लँजची उंचीसुद्धा त्याच प्रमाणात कमी करतात. याला म्हणतात 'फाइनस्केल'. काम दहापट वाढतं, आणि चूक झाली तर गाडी तुम्हाला माफ करत नाही.

आपल्याकडे तर हा प्रश्न आणखी मोठा आहे. आपला ब्रॉडगेज साडेपाच फुटांचा. १६.५ मि.मी.चे तयार रूळ १:७६.२ च्या गाडीखाली घातले तर ते झाले चार फूट दीड इंच, म्हणजे पाव भाग गायब. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं, १९९८ मध्ये सुरू झालेलं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे, ते १:८७ या स्केलमध्ये आहे. त्या स्केलचं सगळं सामान जगभर तयार मिळतं आणि ते शहर बघताना भान हरपतं. माझी रूम पार्टनर म्हणत होती, आपणही १:८७ च घेऊ. तिचा मुद्दा बिनतोड होता. ७६२ ला ८७ ने भागलं की साधारण पावणेनऊ मि.मी. येतात आणि बाजारात ९ मि.मी.चे तयार रूळ मिळतात. पाव मिलिमीटरची चूक कोणाला दिसणार आहे?

मग मी ७६२ ला ७६.२ ने भागलं.

दहा! बरोबर दहा. आणि साडेपाच फूट गुणिले चार, बरोबर बावीस. म्हणजे आपली छोटी लाइन १० मि.मी. आणि पुलगावची मोठी लाइन २२ मि.मी., दोन्ही पूर्णांकात. हे पाहिल्यावर मला दुसरं काही सुचेना. इंजिनिअरने असा हट्ट करू नये, मान्य आहे. पण एक गोष्ट होती की मोठ्या लाइनचे रूळ १:८७ मध्येही हातानेच बनवावे लागणार होते (तिथे ते १९.२६ मि.मी. येतात). मग एक हातानं आणि दुसरं तयार, असं शेजारी शेजारी टाकलं की लगेच डोळ्यात येतं. शेवटी मतदान झालं. इलेक्ट्रॉनिक्सवाला म्हणाला, "मला काय, माझी वायर दोन्हीत सारखीच." त्याचं मत मला मिळालं.

काय बनवायचं तेही ठरलं. खरं पुलगाव स्टेशन जसंच्या तसं करणं शक्य नव्हतं, कारण तसे नकाशे आमच्याकडे नव्हते. आणि नकाशा नसताना खरं नाव लावणं म्हणजे खोटं बोलणं. म्हणून या लाइनवर शोभेल असा एक छोटा माल-धक्का केला. एका बाजूला १० मि.मी.ची लाइन, दुसऱ्या बाजूला २२ ची, आणि मधल्या फलाटावर कापसाच्या गाठी या वाघिणीतून त्या वाघिणीत. गेज बदलतो तिथे माल हातानेच बदलावा लागतो, ही छोट्या रेल्वेची सगळ्यात मोठी डोकेदुखी होती. तीच आम्ही विषय म्हणून घेतली. पूर्ण ३५ किलोमीटर केली असती तर या स्केलमध्येही ४५९ मीटर लांबी लागली असती. म्हणजे गर्ल्स हॉस्टेलपासून मेन गेटच्या पुढे!

आता रूळ. आमच्याकडे ९ मि.मी.चे तयार रूळ होते, पुण्याहून मागवलेले. त्यांची प्लॅस्टिकची स्लीपर काढून फक्त पट्ट्या घेतल्या. नवीन स्लीपर कशाची? इथे इलेक्ट्रॉनिक्सवाला कामाला आला. कॉपर क्लॅड बोर्ड, ज्यावर आपण पीसीबी बनवतो, त्याच्या २ मि.मी. रुंद आणि २० मि.मी. लांब पट्ट्या कापल्या. त्यावर रूळ सरळ सोल्डर करता येतो. फक्त प्रत्येक पट्टीच्या मधोमध कानशीने तांबं घासून तोडावं लागतं, नाहीतर डावा आणि उजवा रूळ शॉर्ट. अडीचशेच्या आसपास स्लीपर झाल्या. अडीचशे वेळा घासलं. आणि एक राहून गेली.

एक राहिली म्हणजे सगळं शॉर्ट. मल्टिमीटर लावला तर सगळीकडे बीप. आता अडीचशेतली कोणती? मी भिंग घेऊन बसणार होते, पण त्या मुलाने डोकं चालवलं. रुळांच्या एका टोकाला अर्धा अँपिअर करंट सोडला आणि दोन रुळांमधलं व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये मोजत पुढे गेला. शॉर्टकडे जावं तसं व्होल्टेज कमी होत जातं, आणि शॉर्टच्या पलीकडे ते बदलायचं थांबतं. जिथे थांबलं तिथेच ती स्लीपर. दहा मिनिटांत सापडली. नेटवर्क थिअरीच्या परीक्षेत मला हे कोणी विचारलं असतं तर लिहिता आलं नसतं, आता आयुष्यभर विसरणार नाही.

सोल्डरिंग मला येत नव्हतं. वर्कशॉपमधल्या फिटिंग सेक्शनच्या काकांनी शिकवलं. पहिल्या दिवशी माझे गोळे बघून म्हणाले, "काय करून राहिली वो पोरी? हे काय साबुदाण्याचे वडे आहेत?" मग त्यांनी दाखवलं : आधी पॉलिश पेपरने तांबं उजळ करायचं, फ्लक्स लावायचा, इस्त्री जॉबला लावायची आणि जॉब तापला की सोल्डर स्वतः पळतं. सोल्डर इस्त्रीला नाही, जॉबला. (वर्कशॉपमध्ये सोल्डरिंग आयर्नला सगळे इस्त्रीच म्हणतात. पहिल्या वर्षाला मी खरंच कपड्यांची इस्त्री घेऊन जाणार होते.)

गेज १० वर राहावा म्हणून काकांनी लेथवर पितळेचे तीन छोटे रोलर काढून दिले, त्यांना दोन खाचा. रूळ खाचेत बसवायचे, सोल्डर करायचं, रोलर पुढे सरकवायचा. हे रोलर नसते तर फाइनस्केल हा शब्द मी लेखात वापरू शकले नसते. डोळ्याने दहा आणि साडेदहा यात काही फरक कळत नाही, चाकाला कळतो.

चाकंही ९ ची होती. ती दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिलिमीटर बाहेर सरकवली. इंजिनची चाकं सरकेनात, कारण त्यांचे अ‍ॅक्सल मधल्या प्लॅस्टिकच्या नळीत बसवलेले होते. त्या नळ्या नायलॉन रॉडपासून लेथवर नवीन, एक मिलिमीटर लांब बनवल्या. वरचं इंजिन प्लॅस्टिक शीटचं. ते कोणत्याही खऱ्या इंजिनाची नक्कल नाही, हे प्रदर्शनात पाटीवर लिहून ठेवलं होतं.

देखावा करताना मात्र मजा आली. काळी माती खरीच घेतली, हॉस्टेलच्या मागची. चहाच्या गाळणीने गाळली आणि फेविकॉलच्या पाण्याने बसवली. वाळल्यावर तिला भेगा पडल्या. मला रडू आलं, पण रूम पार्टनर सिव्हिलची ना, ती खूश! म्हणाली, "ब्लॅक कॉटन सॉइल आहे, भेगा पडणारच. माप घे." एक मिलिमीटरची भेग म्हणजे खऱ्यात ७६ मिलिमीटर, तीन इंच. मे महिन्यात आपल्या शेतात जाऊन बघा, तेवढीच असते. मातीने स्वतःच स्केल पाळलं होतं. झाडांची खोडं पऱ्हाटीच्या शेंड्यांची. अख्ख्या जगातल्या मॉडेलवाल्यांना जे विकत घ्यावं लागतं ते आपल्याकडे चुलीत जातं.

पण कापूस? कापसाच्या जिल्ह्यात राहून आम्ही कापूस वापरू शकलो नाही! खऱ्या कापसाचा तंतू १:७६ मध्ये दोरखंडासारखा दिसतो आणि ढीग ढगासारखा. शेवटी गाठी केल्या खोडरबराच्या, वर बँडेजची जाळी गुंडाळली. आपल्याकडे रुईची गाठ १७० किलोची असते, आमची अर्ध्या ग्रॅमचीही नसेल. सुट्या कापसासाठी मी रवा वापरला, फेविकॉल आणि पांढरा रंग लावून. तिसऱ्या दिवशी फलाटावर मुंग्यांची रांग. स्केलच्या हिशोबाने प्रत्येक मुंगी बकरीएवढी. रेक्टर मॅडमनी कॉमन रूममधून लेआउट बाहेर काढण्याची धमकी दिली, ती याच दिवशी. तेव्हापासून आम्ही थर्माकोलचा चुरा वापरतो.

कॉमन रूमचा विषय निघालाच आहे तर सांगते. लेआउट गर्ल्स हॉस्टेलमध्ये, इलेक्ट्रॉनिक्सवाला बॉइज हॉस्टेलमध्ये, आणि त्याला आमच्याकडे यायला बंदी. म्हणून संध्याकाळी साडेपाचला बोर्ड उचलून वर्कशॉपमध्ये न्यायचे आणि साडेसातच्या हजेरीआधी परत. या एका कारणाने आम्ही बोर्ड १.२ मीटरचे दोन तुकडे केले. पहिल्यांदा ते नट-बोल्टने जोडले होते, ८ मि.मी.चा बोल्ट साडेआठच्या भोकात. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई. आमच्या चाकाचा फ्लँजच जेमतेम तेवढा खोल. रोज जोडल्यावर रूळ वेगळ्याच जागी! मग दाराची पितळी बिजागरी घेतली, एक पान एका बोर्डवर, दुसरं दुसऱ्यावर, आणि मधली पिन काढता-घालता येईल अशी मोकळी केली. पिन घातली की रूळ केसाएवढाही हलत नाही. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळते. संपूर्ण प्रकल्पातला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात शहाणा भाग.

प्रदर्शनाचा पहिला दिवस. सकाळी दहाला सुरू केलं. इंजिन आणि चार वाघिणी मागच्या झाकलेल्या यार्डातून निघाल्या, सांध्यावर आल्या, आणि तिसरी वाघीण खाली. परत ठेवली, परत तिसरी खाली. गर्दी जमलेली, परीक्षक समोर. बाहेरून आलेले एक सर होते, त्यांनी विचारलं, "याचं अ‍ॅप्लिकेशन काय?" मी काहीतरी बोलले. ते घड्याळ बघून रोबोटकडे गेले. दुपारी शेडचे पत्रे तापले तसा दुसरा प्रकार सुरू झाला. एका जागी रूळ स्लीपर सोडून कमानीसारखा वर आला. रात्री हॉस्टेलमध्ये अठरा अंश असताना आम्ही जोडलेला १.२ मीटरचा सलग रूळ, दुपारी अडतीसमध्ये. निकेल सिल्व्हरचा गुणांक घेऊन हिशोब करा : १२०० गुणिले २० गुणिले १६ दशलक्षांश, जवळजवळ ०.४ मि.मी. खऱ्या रुळांमध्ये फट का ठेवतात हे आपण आठवीत शिकलो. आठवीत शिकलेलं लक्षात ठेवायला कोणी सांगितलं नव्हतं! बारीक करवतीने तीन ठिकाणी रूळ कापले, प्रत्येक तुकड्याला वेगळी वायर दिली, तो प्रश्न मिटला.

पण तिसरी वाघीण पडतच राहिली. त्या संध्याकाळी मी ठरवलं होतं की सांधाच काढून टाकू, सरळ रूळ टाकू, गाडी नुसती इकडून तिकडे जाईल. लोकांना काय कळतं? रूम पार्टनर काही बोलली नाही, ते जास्त लागलं. कारण दुसऱ्या दिवशी आबाजी येणार होते.

वर्कशॉपवाले काका शेड बंद करायला आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "कधी कुठं, कधी कुठं पडली असती तर मी म्हटलं असतं नशीब. तुमची तर रोज एकाच जागी, एकच डबा पडून राहिला. मंग माप घे ना! रडून काय राहिली?"

माप घेतलं. आता हे नीट वाचा, कारण फाइनस्केलचं सगळं मर्म इथे आहे. सांध्याच्या क्रॉसिंगवर रुळाला एक खाच असते, दुसऱ्या रुळाचा फ्लँज जाण्यासाठी. चाक तिथे चुकीच्या बाजूला जाऊ नये म्हणून समोरच्या रुळाशेजारी चेक रेल टाकतात. ती चाकाला पाठीमागून धरून ठेवते. म्हणून महत्त्वाचं माप गेज नाही, तर दोन चाकांच्या पाठींमधलं अंतर, बॅक टू बॅक. खऱ्या ब्रॉडगेजवर ते १६०० मि.मी. असतं आणि गेज १६७६. आमच्या १० च्या गेजला आम्ही बॅक टू बॅक ८.४ ठरवलं होतं, आणि चेक रेलची फट दोन्हीकडे ०.९. दहातून दोनदा ०.९ वजा केले की ८.२ उरतात. म्हणजे चेक रेल आणि क्रॉसिंगची विंग रेल मिळून ८.२ रुंदीचा अडथळा, आणि चाकांच्या पाठी त्याच्या दोन्ही बाजूंनी गेल्या पाहिजेत. ८.४ असेल तर सुखाने जातात. तिसऱ्या वाघिणीचा मागचा अ‍ॅक्सल मोजला : ८.१. चाकं अडथळ्याला चिमटा घेत होती आणि मग एक बाजू वर चढत होती. ते चाक मी दोनदा काढून घातलं होतं, ढिलं झालं होतं, नेण्या-आणण्यात आत दाबलं गेलं. सरळ रुळावर हे कधीच कळलं नसतं. तिथे चाकांच्या पाठीला कोणी विचारतच नाही.

काकांनी शेड उघडी ठेवली. ८.४ ची पितळी पट्टी कानशीने घासून गेज बनवलं, सगळे अ‍ॅक्सल त्यावर तपासले, ढिल्या चाकांना सुईच्या टोकाएवढा फेविक्विक. वाघिणी फार हलक्या होत्या, सहा-सहा ग्रॅमच्या. दहा टनाच्या वाघिणीला ७६.२ च्या घनाने भागलं तर २३ ग्रॅम येतात. टायरवाल्याकडचं बॅलन्सिंगचं शिसं कापून आत चिकटवलं. हॉस्टेलला आठ वाजून दहा मिनिटांनी पोचलो. त्याबद्दल रजिस्टरमध्ये जे लिहिलं गेलं ते इथे सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी पडली नाही. एक गोष्ट आणखी बदलली, वेग. पहिल्या दिवशी आम्ही लोकांना मजा यावी म्हणून गाडी पळवत होतो. ताशी २० किलोमीटर या वेगाचे १:७६.२ मध्ये सेकंदाला फक्त ७.३ सेंटिमीटर होतात. दोन्ही बोर्ड ओलांडायला तेहतीस सेकंद. ५५५ टायमरच्या कंट्रोलरमुळे मोटर एवढी हळू फिरू शकली, नुसतं व्होल्टेज कमी केलं असतं तर ती अडखळली असती. शाळेतली मुलं म्हणत होती, "जोरात चालवा ना दीदी." मोठी माणसं मात्र हळू गाडीपुढे थांबायची. मोठ्यांसाठी बोर्ड छातीच्या उंचीवर ठेवला होता आणि मुलांसाठी लॅबमधली स्टुलं मांडली होती, हे ज्यांना पुढे प्रदर्शन करायचं आहे त्यांनी लक्षात ठेवावं. टेबलाच्या उंचीवर ठेवलं की आपण विमानातून गाडी बघतो.

आबाजी दुपारी आले. मोतीबिंदूचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं बाकी. 'हात लावू नये' अशी पाटी मीच लिहिली होती. ते खूप वाकून बघत राहिले, मग विचारलं, "हात लावू का?" मी इकडेतिकडे पाहून म्हटलं, लावा. त्यांनी अंगठा दोन रुळांमध्ये ठेवला. तो मावला नाही.

"ही आपली गाडी?"

"हो आबाजी. आणि ही पलीकडची मोठी लाइन."

त्यांनी दुसरा हात मोठ्या लाइनवर ठेवला. दोन अंतरं बोटांनीच मोजली. "हां. एवढाच फरक होता," म्हणाले. मी समजले झालं, आवडलं. पण आबाजी चाळीस वर्षं जिनिंगमध्ये हिशोब तपासत होते. म्हणाले, "रूळ लई सरळ आहेत तुझे. आणि गवत कुठं आहे? रुळांच्या मधात गवत राहे. अन् माणसं चारच? गाठी काय आपोआप चढत होत्या?"

फलाटावर एकही हमाल नव्हता! माल बदलण्याची कटकट हाच आमचा विषय, आणि ती कटकट ज्यांच्या पाठीवर होती तेच नव्हते. रुळांचं माप शंभराव्या भागापर्यंत तपासणाऱ्या तिघांपैकी एकालाही ते दिसलं नाही. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ पेंडन नावाचं संग्रहालय आहे, १९५४ सालचं. रॉय इंग्लंड हा ऑस्ट्रेलियातून १९२५ मध्ये आलेला माणूस, त्याने तिथल्या खेड्यांतली जुनी घरं नाहीशी होताना पाहिली आणि ती याच आमच्या १:७६ च्या स्केलमध्ये करायला सुरुवात केली. मी त्याच्याबद्दल आधी वाचलं होतं, पण मला त्यात फक्त स्केल दिसलं होतं.

बक्षीस काळ्या रेषेवरून चालणाऱ्या रोबोटला मिळालं. तो खरंच चांगला होता.

सुट्टीत बसून आम्ही बावीस हमाल बनवले. तांब्याच्या तारेचा सांगाडा, वर एपॉक्सी पुट्टी, उंची साधारण २२ मि.मी. आबाजींना विचारून विचारून : गाठ दोघे कशी धरायचे, डोक्याला काय बांधायचे, धोतर कुठपर्यंत. गवतासाठी सुतळी कापून रंगवली. रूळ एका ठिकाणी मुद्दाम किंचित वाकडे केले, पण बॅक टू बॅकला धक्का न लावता.

लेआउट सध्या आमच्या रूममध्ये कॉटखाली आहे. पुढच्या वर्षी आम्ही तिघंही फायनलला, प्रोजेक्ट आणि प्लेसमेंटमध्ये अडकणार. ज्या ज्युनिअर्सना चालवायचं असेल त्यांनी निरोप द्या. पितळी रोलर आणि ८.४ ची पट्टी वर्कशॉपमध्ये काकांकडे आहे, परत द्यायच्या बोलीवर मिळते. बिजागरीची एक पिन हरवली आहे. तीन इंची खिळा डोकं कापून घातला तरी चालतो, मात्र आधी त्याला तेल लावा.